दोघांत नसलेला ‘ओ’ मुलीत आला कुठून?

जागतिक रक्तदाता दिनानिमित्तचा मजकूर १४ जूनला प्रसिद्ध झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संपादकीय विभागात एका वाचक भगिनीचा फोन आला. फोंडा तालुक्यातील एका गावातून त्या बोलत होत्या. पतीचा रक्तगट बी, त्यांचा स्वतःचा ए, आणि शाळेच्या ओळखपत्रासाठी नुकताच तपासलेला मुलीचा रक्तगट मात्र ओ. “दोघांतही नसलेला ओ हिच्यात कुठून आला, असे घरची मोठी माणसे विचारतात,” एवढे सांगून त्या थांबल्या. पुढचे वाक्य त्यांनी उच्चारले नाही आणि ते उच्चारण्याची गरजही नव्हती.

ए आणि बी रक्तगटांच्या दांपत्याला ओ रक्तगटाचे अपत्य होऊ शकते, त्यात वावगे काहीच नाही, असे मी त्यांना तिथल्या तिथे सांगितले. हे उत्तर शास्त्रदृष्ट्या पुरेसे आहे. परंतु ‘होऊ शकते’ या दोन शब्दांनी घरातला संशय फिटत नाही. कसे होऊ शकते, हे कळले तरच तो फिटतो. मराठी विषय घेऊन बी.ए. झालेल्या उपसंपादकाला ते फोनवर धड समजावता आले नाही, ही रुखरुख मनात राहिली. त्यानंतर काही दिवस या विषयाचे वाचन केले. या लेखाचा उगम त्या फोनमध्ये आहे.

गैरसमजाचे मूळ आपल्या भाषेतही आहे. आपण ‘रक्ताचे नाते’ म्हणतो, ‘अंगात रक्त कोणाचे आहे’ असे विचारतो, ‘खाण तशी माती’ म्हणून मोकळे होतो. या सर्व बोलण्यामागे एक चित्र दडलेले असते. आईचे रक्त आणि वडिलांचे रक्त एकत्र मिसळते आणि त्या मिश्रणातून मूल घडते, असे ते चित्र. वस्तुतः रक्त पुढच्या पिढीकडे जातच नाही. गर्भात वाढणाऱ्या बाळाचे रक्त त्याचे स्वतःचे असते. वार मध्ये असल्यामुळे आईचे आणि बाळाचे रक्ताभिसरण परस्परांपासून वेगळे राहते. तरीही मिश्रणाची कल्पना इतकी स्वाभाविक वाटते की, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील अनेक विद्वानही तीच धरून बसले होते. आई उंच, वडील ठेंगणे, तर मूल मधल्या उंचीचे. एक रंग गडद, दुसरा फिका, तर अपत्य मधल्या छटेचे. या कल्पनेत एक मोठी अडचण आहे. दूध आणि कोकम एकदा मिसळले की त्यातून दूध पुन्हा वेगळे काढता येत नाही. माणसांत मात्र आजीचे घारे डोळे मुलाला वगळून नातवात उतरतात. जे मिसळून गेले, ते जसेच्या तसे परत आले कसे?

या प्रश्नाचे उत्तर ज्याने दिले, तो ग्रेगोर मेंडेल हा ब्रुनो शहरातील सेंट थॉमस मठातील संन्यस्त धर्मगुरू होता. हे शहर तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होते, आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. १८२२ साली एका शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या मेंडेलने व्हिएन्ना विद्यापीठात भौतिकशास्त्र, गणित आणि वनस्पतिशास्त्र यांचे धडे घेतले होते. मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ या काळात त्याने वाटाण्याची सुमारे २८ हजार रोपे वाढवून तपासली. वाटाण्याची निवड त्याने विचारपूर्वक केली होती. वाटाण्याच्या फुलाच्या पाकळ्या पुंकेसर आणि स्त्रीकेसर यांना झाकून घेतात. त्यामुळे बाहेरचे परागकण सहसा आत येत नाहीत आणि फूल स्वतःच स्वतःचे परागण करते. संकर घडवायचा तर उमलण्यापूर्वीच कळी उघडायची, तिचे पुंकेसर काढून टाकायचे आणि दुसऱ्या झाडाचे पराग आणून लावायचे. काम किचकट खरे. पण कोणत्या बियाण्याचे आई-बाप कोण, याविषयी मेंडेलला पूर्ण खात्री असे. माणसांच्या बाबतीत नेमकी हीच खात्री मागितली जाते आणि तिथूनच घरात कलह सुरू होतात.

प्रयोगाआधी त्याने वेगवेगळे वाण लावून पाहिले. ज्यांचा गुण पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाही, असेच शुद्ध वाण त्याने हाती घेतले. मग गोल गुळगुळीत दाण्यांचा वाण आणि सुरकुतलेल्या दाण्यांचा वाण यांचा संकर केला. मिश्रणाच्या कल्पनेनुसार दाणे थोडेसे सुरकुतलेले यायला हवे होते. आले ते सगळे गोल. एकाही दाण्यावर सुरकुती नव्हती. येथे थांबला असता तर सुरकुतीचा गुण नष्ट झाला, असे कोणीही म्हटले असते. मेंडेल थांबला नाही. ते गोल दाणे त्याने पुन्हा पेरले, त्या रोपांचे स्वपरागण होऊ दिले आणि पुढच्या पिढीचे दाणे मोजले. ५,४७४ दाणे गोल भरले आणि १,८५० सुरकुतलेले. जवळजवळ तीनास एक. पिवळ्या आणि हिरव्या दाण्यांच्या प्रयोगात ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे निघाले. तेही तीनास एकच. त्याने तपासलेल्या सातही गुणांत हेच प्रमाण कमीअधिक फरकाने दिसले.

सुरकुत्या परतल्या, त्याही अर्ध्या नव्हे तर पूर्ण. म्हणजे मधल्या पिढीत त्या नष्ट झाल्या नव्हत्या, केवळ दिसत नव्हत्या. यावरून मेंडेलने अनुमान काढले की प्रत्येक गुणासाठी झाडात दोन घटक असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून आलेला. हे घटक एकत्र नांदतात, मात्र एकमेकांत मिसळत नाहीत. पुढची पिढी घडवताना परागकणात किंवा बीजांडात दोहोंपैकी एकच घटक जातो आणि कोणता जाईल, हे नाणेफेकीसारखे असते. मधल्या पिढीच्या प्रत्येक रोपात एक ‘गोल’ आणि एक ‘सुरकुती’ होती. अशा दोन घटकांच्या जोड्या चार प्रकारे जुळतात: गोल-गोल, गोल-सुरकुती, सुरकुती-गोल आणि सुरकुती-सुरकुती. पहिल्या तिन्ही प्रकारांत दाणा गोल दिसतो, चौथ्यात सुरकुततो. तीनास एक या प्रमाणाचे रहस्य एवढेच. या घटकांना आज आपण जनुके म्हणतो आणि ती गुणसूत्रांवर असतात, हेही जाणतो. मेंडेलने सूक्ष्मदर्शकातून त्यांतले काहीही पाहिले नव्हते. त्याने दाणे मोजले आणि त्यावरून विचार केला.

१८६५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये त्याने ब्रुनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे आपला निबंध वाचला. पुढील वर्षी तो छापून आला. कोणी फारशी दखल घेतली नाही. १८६८ मध्ये मेंडेल मठाधिपती झाला आणि कारभारात गुंतला; १८८४ मध्ये त्याचे निधन झाले. १९०० साली द व्हरीस, कोरेन्स आणि चेरमाक या तिघांच्या कामातून त्याचे नियम पुन्हा उजेडात आले.

नेमक्या याच सुमारास, मेंडेल जिथे शिकला त्या व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर माणसांचे रक्त एकमेकांत मिसळून पाहत होता. एकाच्या रक्तातील द्रव भाग दुसऱ्याच्या तांबड्या पेशींत घातला असता कधी काहीच होत नसे, तर कधी पेशींच्या गुठळ्या होत. यावरून १९०१ मध्ये त्याने रक्ताचे तीन गट मांडले. चौथा, म्हणजे एबी, पुढच्याच वर्षी त्याच्या सहकाऱ्यांना आढळला. १४ जून हा लँडस्टायनरचा जन्मदिवस आहे आणि म्हणूनच तो रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो. रक्तगट मेंडेलच्या नियमांनुसार पुढच्या पिढीत उतरतात, हे १९१० मध्ये फॉन डुंगर्न आणि हिर्झफेल्ड यांनी दाखवले. त्यामागचे नेमके गणित मात्र १९२४ मध्ये फेलिक्स बर्नस्टाइन या जर्मन गणितज्ञाने सोडवले.

बर्नस्टाइनचे उत्तर असे. रक्तगटाच्या जनुकाची जागा एकच असते, पण त्या जागी बसणाऱ्या जनुकाची रूपे तीन आहेत: ए, बी आणि ओ. प्रत्येक माणसाजवळ यांपैकी कोणतीही दोन असतात. ए रूप तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट शर्करा जोडणारे विकर तयार करते; बी रूप दुसरी शर्करा जोडणारे विकर तयार करते. ओ रूप काहीच जोडत नाही. त्यामुळे ज्याच्याजवळ ए आणि ओ आहेत, त्याच्या पेशींवर ए शर्करा दिसते आणि त्याचा गट ‘ए’ असा नोंदवला जातो. जवळ असलेला ओ कोणत्याही नेहमीच्या तपासणीत दिसत नाही. बी आणि ओ असलेल्याची नोंद ‘बी’ अशी होते. ए आणि बी दोन्ही असतील तर दोन्ही शर्करा दिसतात, कोणीच कोणाला झाकत नाही. याला सहप्रभाविता म्हणतात. आणि ओ गट नोंदवला जातो तो दोन्ही जनुके ओ असतील तेव्हाच.

आता फोंड्याच्या त्या घरात जाऊ. आई ‘ए’, पण तिच्याजवळ ए-ओ अशी जोडी आहे. वडील ‘बी’, त्यांच्याजवळ बी-ओ. आई ए देईल किंवा ओ. वडील बी देतील किंवा ओ. ए आणि बी जुळले तर मूल एबी, ए आणि ओ जुळले तर ए, ओ आणि बी जुळले तर बी, आणि दोघांचेही ओ जुळले तर ओ. चारही गट सारख्याच शक्यतेने संभवतात, प्रत्येकी चारांत एक. मुलीचा ओ दोघांतही नव्हता, हा समजच चुकीचा आहे. तो दोघांतही होता, दिसत नव्हता इतकेच. किंबहुना ओ गटाच्या मुलीने आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन ओ घेतलेले असतात. त्यामुळे संशयाचा आधार म्हणून पुढे केलेली ही नोंद आई-वडील दोघांशीही पूर्णपणे जुळणारी आहे.

शालेय पुस्तकांत अशा न दिसणाऱ्या रूपाला ‘अप्रभावी’ म्हणतात. हा शब्द मला थोडा खटकतो. त्यातून दुबळेपणाचा वास येतो. जणू दोन जनुकांची कुस्ती झाली आणि एक हरले. प्रत्यक्षात कुस्ती वगैरे काही होत नाही. ओ रूपाची रचना पाहिली तर ए रूपाच्या लिपीतले एक अक्षर त्यात गळालेले आढळते. अक्षर गळाल्यावर पुढचे सगळे वाचन चुकते आणि विकर अपुरे, निकामी तयार होते. मेंडेलच्या सुरकुतलेल्या वाटाण्याचे कारण १९९० मध्ये सापडले, तेही याच जातीचे आहे. पिष्ट बनवण्याच्या कामातील एका विकराच्या जनुकात सुमारे आठशे अक्षरांचा भलताच तुकडा घुसला आहे. त्यामुळे दाण्यात साखर आणि पाणी जास्त राहते आणि वाळताना तो सुरकुततो. जोडीतील दुसरे जनुक धड असेल तर काम भागते आणि दाणा गोल राहतो. बऱ्याच ‘अप्रभावी’ गुणांची कथा हीच असते. एक प्रत बिघडलेली, दुसरी प्रत काम सांभाळणारी. ‘अप्रकट’ हा शब्द मला अधिक न्याय्य वाटतो, परंतु रूढ झालेली परिभाषा एका लेखाने बदलत नाही.

जे अशक्य आहे, तेही या नियमांतून कळते. एबी गटाची व्यक्ती ए किंवा बी यांपैकी एक देतेच, तिच्याजवळ ओ नसतोच. म्हणून एबी आणि ओ या दांपत्याची मुले ए किंवा बी असतील. ओ नसतील आणि एबीही नसतील. म्हणजे येथे एकाही मुलाचा गट आईशी किंवा वडिलांशी जुळणार नाही. ‘मुलाचा गट दोघांपैकी एकाचा तरी असलाच पाहिजे’ असे ठामपणे सांगणाऱ्यांनी हे एकच उदाहरण लक्षात ठेवावे. ओ आणि ओ या दांपत्याची मुले ओ असतात.

या गणिताला न्यायालयात काय किंमत मिळाली, याचे प्रसिद्ध उदाहरण चार्ली चॅप्लिनचे आहे. जोन बॅरी या तरुण अभिनेत्रीने आपल्या मुलीचा पिता चॅप्लिन असल्याचा दावा कॅलिफोर्नियात केला होता. रक्त तपासले गेले. चॅप्लिन ओ, आई ए, मुलगी बी. आईजवळ बी नाही, म्हणजे मुलीला बी वडिलांकडूनच आला असला पाहिजे आणि चॅप्लिनजवळ तो नव्हता. विज्ञानाच्या दृष्टीने प्रश्न तेथेच मिटला होता. तरीही त्या राज्याच्या कायद्यात रक्ताची तपासणी निर्णायक पुरावा मानली जात नसल्याने १९४५ मध्ये ज्युरीने निकाल चॅप्लिनच्या विरोधात दिला आणि मुलीच्या पालनपोषणाचा खर्च त्याच्यावर पडला. तेथे जे सिद्ध झाले होते ते ज्युरीने मानले नाही; आपल्या घराघरांत जे सिद्ध झालेलेच नसते ते मानले जाते. शिवाय रक्तगट जुळला म्हणून पितृत्व सिद्ध होत नाही. त्या गटाची लाखो माणसे असतात. रक्तगटावरून कधीकधी ‘नाही’ म्हणता येते, ‘होय’ कधीच म्हणता येत नाही.

पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा हिशेबही साधारण असाच आहे. पॉझिटिव्ह गुण एका प्रतीनेही प्रकट होतो, निगेटिव्हसाठी दोन्ही प्रती निगेटिव्ह लागतात. म्हणून दोन पॉझिटिव्ह पालकांना निगेटिव्ह मूल होऊ शकते.

‘चारांत एक’ या शब्दांचा अर्थ लावताना मात्र फार मोठी चूक होते. एका मुलाला बीटा थॅलेसेमिया झाला, आता पुढच्या तिघांना धोका नाही, असे समजणारी कुटुंबे असतात. या आजारात रक्तातील हिमोग्लोबिन नीट तयार होत नाही आणि रुग्णाला वरचेवर रक्त द्यावे लागते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे दोघांजवळही एक प्रत बिघडलेली आणि एक धड असेल, तर दोघेही सामान्य आयुष्य जगतात. त्यांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. हे ‘प्रत्येक’ महत्त्वाचे आहे. नाणे मागची फेक लक्षात ठेवत नाही. पहिले मूल आजारी असो वा निरोगी, दुसऱ्याच्या वेळी नाणे नव्याने उडते. आपण वाहक आहोत की नाही, हे रक्ताच्या साध्या तपासणीतून लग्नापूर्वी किंवा गर्भारपणाच्या सुरुवातीलाच कळू शकते. पत्रिकेचे छत्तीस गुण पाहणाऱ्यांनी हा सदतिसावा पाहायला हरकत नाही.

येथवरचे नियम स्वच्छ आहेत. आता त्यांना चकवणारी एक गोष्ट, आणि ती आपल्या शेजारच्या मुंबईत सापडलेली. काही माणसांचे रक्त नेहमीच्या तपासणीत ओ दिसत होते, कारण त्यांच्या पेशींवर ए शर्करा नव्हती आणि बीही नव्हती. पण ओ गटाचे रक्त त्यांच्या रक्ताशी जुळवून पाहिले की गुठळ्या होत. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांचे लंडनमधील सहकारी यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या नव्या गटाची माहिती प्रसिद्ध केली. पुढे जगभर त्याला ‘बॉम्बे’ हेच नाव पडले. शहराचे नाव बदलले, रक्तगटाचे बदलले नाही.

यामागचे कारण असे की, ए आणि बी या शर्करा पेशीवर थेट बसत नाहीत. त्या बसण्यासाठी आधी एच नावाचा आधार लागतो. भिंतीला खुंटी असेल तरच तिच्यावर टोपी टांगता येते. ए गटात खुंटीवर एक टोपी असते, बी गटात दुसरी, ओ गटात नुसती खुंटी. ही खुंटी बसवणारे जनुक वेगळे आहे. ते एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे, तर ए-बी-ओचे जनुक नवव्या गुणसूत्रावर. एचच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर खुंटीच बसत नाही. अशा माणसाजवळ ए किंवा बीचे धडधाकट जनुक असले तरी त्याने तयार केलेल्या टोप्या टांगायला जागाच नसते. त्याचे रक्त ओ दिसते, पण ते ओ नसते. ओ रक्तावरील नुसती खुंटीदेखील त्याच्या शरीराला परकी वाटते आणि त्याच्या रक्तातील प्रतिपिंडे तिच्यावर तुटून पडतात. म्हणून बॉम्बे गटाच्या रुग्णाला बॉम्बे गटाचेच रक्त चालते. सर्वांना चालते असे ज्याच्याविषयी सांगितले जाते, ते ओ निगेटिव्हसुद्धा त्याच्या जिवावर बेतू शकते.

दोन वेगवेगळ्या गुणसूत्रांवरील जनुके एकमेकांची पर्वा न करता वाटली जातात, हाही मेंडेलचाच शोध. गोल-पिवळ्या आणि सुरकुतलेल्या-हिरव्या वाणांच्या संकरातून पुढे मिळालेल्या ५५६ दाण्यांत त्याला ३१५ गोल-पिवळे, १०८ गोल-हिरवे, १०१ सुरकुतलेले-पिवळे आणि ३२ सुरकुतलेले-हिरवे सापडले होते. दाण्याचा आकार एका वाटेने गेला, रंग दुसऱ्या वाटेने. एच आणि ए-बी-ओ यांचेही तसेच आहे.

याचा परिणाम घरात काय होतो, ते पाहा. समजा एका स्त्रीजवळ बीचे धड जनुक आहे, पण एचच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत. तिच्या कार्डावर ‘ओ’ लिहिलेले आहे. पती खरोखरच ओ गटाचा आहे. पतीकडून बाळाला एचची धड प्रत मिळते, आईकडून बीचे जनुक. बाळाच्या पेशींवर खुंटी बसते आणि तिच्यावर बीची टोपीही. ओ आणि ओ यांना बी गटाचे मूल! वर सांगितलेला नियम येथे साफ मोडलेला दिसतो आणि त्या स्त्रीकडे पाहणाऱ्या नजरा कशा असतील, याची कल्पना कोणालाही करता येईल. वास्तविक नियम मोडलेला नाही. आईचे बी जनुक तिच्यात अप्रकट होते, बाळात प्रकट झाले, एवढेच घडले. सुरकुत्या परतल्या त्याच वाटेने बी परतला.

असे रक्त ओळखण्याची युक्ती सोपी आहे. युलेक्स नावाच्या एका काटेरी युरोपीय झुडपाच्या बियांचा अर्क एच असलेल्या पेशींच्या गुठळ्या करतो. खऱ्या ओ रक्तात त्याने गुठळ्या होतात, बॉम्बे गटात होत नाहीत. हे झुडूप वाटाण्याच्याच कुळातले आहे, हा निव्वळ योगायोग. पण मेंडेलला तो आवडला असता. शिवाय रक्तातील द्रव भाग ओ पेशींशी जुळवून पाहिला तरी भेद उघड होतो. अडचण एवढीच की, शाळेत किंवा शिबिरात काचपट्टीवर दोन थेंब टाकून केलेल्या झटपट तपासणीत यातले काहीच केले जात नाही.

भारतात बॉम्बे गट साधारण दहा हजारांत एकाला असल्याचे मानले जाते. युरोपात तो दहा लाखांत एक इतका विरळ आहे. दहा हजारांत एक म्हटले की आपला काही संबंध नाही असे वाटते. थोडे गणित करू. दोन्ही बिघडलेल्या प्रती एकत्र येण्याची शक्यता दहा हजारांत एक, तर एक बिघडलेली प्रत असण्याची शक्यता प्रत्येक जनुकामागे शंभरांत एक. माणसाजवळ दोन जनुके, म्हणून वाहकांचे प्रमाण जवळजवळ पन्नासांत एक. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार. हेच प्रमाण येथे धरले तर बॉम्बे गटाची माणसे दीडशेच्या आत आणि वाहक मात्र २९ हजारांच्या आसपास निघतात. हा कागदावरचा हिशेब आहे, समाजासमाजांत प्रमाण वेगळे असणार. परंतु दिसणारे थोडे आणि न दिसणारे कित्येक पटींनी अधिक, हे कोणत्याही अप्रकट गुणाला लागू पडते.

न दिसणारी ही दोन जनुके एकत्र येण्याचा राजमार्ग म्हणजे नात्यातील लग्न. दख्खनच्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची जुनी रीत आहे. आपण सगोत्र विवाह टाळतो, पण गोत्र केवळ वडिलांच्या बाजूने मोजतो. जनुके असा भेद करत नाहीत, ती दोन्ही बाजूंनी सारखीच येतात. आते-मामे भावंडांच्या लग्नात एकाच आजोबांचे किंवा आजीचे एकच जनुक दोन वाटांनी फिरून नातवंडांच्या अपत्यात एकत्र येण्याची शक्यता सोळांत एक असते. वरच्या दहा हजारांत एक या आकड्याला हे लावले, तर अशा दांपत्याला बॉम्बे गटाचे मूल होण्याची शक्यता सुमारे चौदाशेत एक होते. म्हणजे सातपट. बहुसंख्य मुलांना काहीच होत नाही, म्हणून ही रीत टिकून राहते. ज्याला होते त्याच्या वाट्याला मात्र आयुष्यभराचा शोध येतो. शस्त्रक्रियेची वेळ आली की रक्तपेढ्या, दात्यांच्या याद्या आणि परराज्यांतले फोन, हे सारे त्याच्या घरच्यांना करावे लागते. साठवलेले रक्त साधारण सहा आठवड्यांपलीकडे वापरता येत नसल्याने आधीपासून जमवून ठेवणेही सोपे नसते. अशा वेळी पहिली चौकशी सख्ख्या भावंडांकडे होते, कारण प्रत्येक भावंडाचे रक्त जुळण्याची शक्यता चारांत एक असते.

त्या वाचक भगिनींना मी नंतर चार घरांची चौकट कागदावर काढून तिचे छायाचित्र पाठवले. वर आईचे ए आणि ओ, बाजूला वडिलांचे बी आणि ओ. मुलीच्या ओळखपत्रावरील नोंद एकदा रक्तपेढीत पडताळून घ्या, शिबिरातल्या नोंदी कधीकधी चुकतात, असेही सुचवले. त्यांनी लगेच उलट विचारले, “मग यांच्यातला ओ कोणाकडून आला?” त्यांच्या पतीच्या आई-वडिलांपैकी एकाकडून, हे उत्तर त्याच चौकटीत होते. सासऱ्यांनी पूर्वी रक्तदान केले होते आणि त्यांचा गट बी. सासूबाईंचा गट कधी तपासलाच नव्हता. तो ओ आहे, ए आहे की बी, आणि ती तपासणी करून घ्यायला त्या तयार झाल्या की नाही, हे मला अजून कळलेले नाही.